सरळ ज्योत

वॉशिंग मशीनचा ड्रम कवेत घेऊन कुणी प्रयोगशाळेच्या दारात उभं राहील, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"हे यान आहे," तो म्हणाला. "म्हणजे... होणार आहे. तुम्ही भौतिकशास्त्राच्या मॅडम ना?"

"आणि तुम्ही मेकॅनिक?"

"दिग्दर्शक. पण घरी मेकॅनिकच म्हणतात."

ती हसली, आणि पुढचे सहा महिने तिचे सगळे रविवार त्याच्या ताईच्या गॅरेजमध्ये, त्याच्या लघुपटाच्या शूटिंगला गेले. ती चुका काढायची, तो कान पकडायचा. एकदा नटी तापाने आली नाही, तेव्हा यानात मेणबत्ती लावणारा हात तिनेच दिला.

"अहो, वजनच नाही तिथे ज्योत अशी सरळ उभी राहील का? गोल होईल."

"बघू," तो म्हणाला. पण बघत होता तो ज्योतीकडे नाही...

महोत्सवात टाळ्या थांबेनात. मग एका प्रेक्षकाने हटकलं, "यानातली ज्योत सरळ कशी?" स्टेजवरून त्याने फक्त तिच्याकडे पाहिलं — आणि वर्गात उत्तरं द्यायची सवय असलेली ती पटकन बोलून गेली, "चूकच आहे ती. मी तेव्हाच सांगितलं होतं!"

सभागृह खो खो हसलं. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

बाहेर ताईने तिला गाठलं. "शहाणीच आहेस! बरणीत मेणबत्ती आणि कॅमेरा घालून गच्चीवरून सोडली होती त्याने. खाली गादी धरून मी उभी! पडताना वजन नसतं म्हणे; मिळाली की गोल ज्योत. तरी सिनेमात ठेवली तुझ्या हातातलीच. आज सगळ्यांसमोर तुला मागणी घालणार होता वेडा. आता हिरमुसून एका निर्मात्याचा करार घेऊन बसलाय... दोन वर्षं परदेशी."

तो पायऱ्यांवर पोस्टर गुंडाळत होता.

"मला... माहीत नव्हतं."

"चूक होतीच की, मॅडम."

"असू दे. मला आवडते."

"चूक?"

"तुम्ही."

त्याचे हात थांबले. मग त्याने पोस्टरला रबर लावलं — सावकाश, दोनदा.

"सही करून अर्धा तास झाला," तो म्हणाला. "अर्धाच तास... काय करायचं आता, सांगा."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच उत्तर सांगण्याऐवजी ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली.