आओसाउराला नेलेली मारिया

वारा पडेपर्यंत काही बोट सुटत नाही. बसा निवांत. सांगतोय ते इकडून तिकडून कानावर आलेलं नाही, ज्याच्या बाबतीत घडलं त्याच्याच तोंडचं आहे. आणि मी चर्चात जाणारा नव्हे, आमच्या घरी बुद्धाची वेदी आहे. तेव्हा भक्तीपोटी तिखटमीठ लावतोय असंही समजू नका.

इरिगुचि त्सुनेओ माझे शाळेपासूनचे सोबती. लाकडाच्या मूर्ती करायचे. येशू, संत, आणि सगळ्यात जास्त मारिया, म्हणजे येशूची आई. या बेटांवरच्या निम्म्या चर्चांत त्यांच्या हातची मारिया उभी आहे. ही गोष्ट दोन हजार अठरा सालातली. नोव्हेंबरची दोन तारीख, शुक्रवार. ख्रिस्ती लोकांत तो मेलेल्यांचा दिवस असतो.

त्या संध्याकाळी त्यांना एक मारिया आओसाउराच्या चर्चात पोचवायची होती. तिथल्या जुन्या मूर्तीला वाळवी लागली होती. वस्तीत माणसं उरलेली बोटांवर मोजण्याइतकी, सगळी म्हातारी. किनू आजी चर्चची किल्ली सांभाळायची. तिनेच हट्ट धरून मूर्ती करवून घेतली होती.

दुपारी मूर्ती छोट्या ट्रकवर चढवायला मी गेलो होतो. रजईत गुंडाळली, दोरीने आवळली. इरिगुचि पायरीवर बसले ते उठेचनात. म्हणाले, ही शेवटची. उद्यापासून हत्यारं फडक्यात बांधून ठेवणार. त्यांची बायको सुमिको आतून म्हणाली, असं दर वर्षी म्हणता.

मी सहज विचारलं, कोरताना प्रार्थना करता का हो?

"कुठली प्रार्थना. कंबर दुखत असते, सगळं लक्ष तिच्याकडे." मग थोडं थांबून म्हणाले, "लोक म्हणतात मी देवाची आई घडवतो. मी आयुष्यभर नुसतं लाकूड कमी करत आलोय. आत कुणी असतं का, मला आजवर कळलेलं नाही. बसवतात, फोटो काढतात, दाराला कुलूप लावतात. कोण बघतं तिच्याकडे?"

मी दोरीला मारलेल्या गाठी पुन्हा ओढून पाहिल्या. 

सुमिकोने भाताचे गोळे बांधून दिले आणि ते निघाले.

आओसाउराच्या वाटेवरची खिंड तुम्हाला माहीत आहे. वर बांबूच्या बनात ती जुनी थडगी आहेत. पूर्वी ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना तो लपवून राहणाऱ्यांची. नुसते आडवे दगड, नाव नाही, क्रूस नाही. क्रूस कोरला असता तर मागे राहिलेल्यांच्या माना गेल्या असत्या. त्या लोकांनी जन्मात कधी उघडपणे मूर्ती पाहिली नाही.

इरिगुचि खिंडीत पोचले तेव्हा जेमतेम सात वाजले होते, पण अंधार मिट्ट. कंबर फार धरली म्हणून त्यांनी ट्रक कडेला घेतला, दिवे बंद केले. एक भाताचा गोळा खाल्ला. डोळे मिटले.

पानं वाजली.

त्यांना वाटलं, रानडुक्कर असेल. आजकाल फार झालीत. पण डुक्कर घाईत असतं. हे सावकाश चाललं होतं. थांबत, दम खात... आणि एक नव्हतं.

मग ट्रक मागून खाली दबला. हलकेच, कुणीतरी चढावं तसा. पुन्हा वर आला. पुन्हा दबला.

एक उतरे. दुसरं चढे.

आरशात बघायचं त्यांना धाडस झालं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर. कानांवर पुटपुटणं येत होतं. प्रार्थनाच ती, पण अर्धे शब्द ओळखीचे, अर्धे तोंडातोंडी झिजून गेलेले. त्यांची आजी पुटपुटायची तसे.

काचेपाशी कुणी येऊन उभं राहिलं.

त्यांनी मान वळवली नाही. बाईचा आवाज होता. भीतीदायक नव्हता, असं ते मला पुनःपुन्हा सांगत. दमलेला होता. ओझं घेऊन डोंगर चढल्यासारखा.

"लेकरा, तू घडवलीस का रे तिला?"

त्यांनी नुसती मान डोलावली.

"घाईत आहेस?"

"...नाही."

"मग थांब जरासा. म्हातारी माणसं अजून वाटेत आहेत."

ते थांबले.

ट्रक दबत राहिला. वर येत राहिला. मध्येच एकदा अगदी हलका दबला... मूल असावं. कुणीतरी त्याला उचलून धरलं असावं.

इरिगुचि रडत होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मग पानं वाजायची थांबली. ट्रक स्थिर झाला.

काचेपाशी कुणी नव्हतं.

ते खाली वस्तीत उतरले तेव्हा किनू आजी कंदील घेऊन चर्चच्या दारात ताटकळत उभी होती. म्हणाली, जेवण गार झालं, कुठे अडकला होतात? ते म्हणाले, वाटेत माणसं भेटली. आजीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

दोरीच्या गाठी जशाच्या तशा होत्या, मी मारलेल्या. सोडल्या. रजई उलगडली. आजीने कंदील वर धरला.

हत्यारं त्यांनी बांधून ठेवली नाहीत, एवढं सांगतो. आज पंचाहत्तरीला आलेत, कंबरेला पट्टा आवळून अजून कोरतात. आणि आता मूर्ती जरा खाली बसवायला लावतात, हात पोचेल अशी. फादरनी आओसाउराच्या मूर्तीला दुरुस्ती सुचवली होती. इरिगुचि नाही म्हणाले, आजी तर चर्चची किल्लीच द्यायला तयार होईना.

मी स्वतः जाऊन आलोय. भर दिवसा.

कापराच्या झाडाचं कोरं, फिकट लाकूड. चेहऱ्यावर, पदरावर छिन्नीच्या खुणा ताज्या, बोट लावलं तर टोचतील अशा. फक्त पुढे केलेला उजवा हात...

त्याची नखं गेलीत. बोटांमधल्या फटी बुजल्यात. पिढ्यान् पिढ्या माणसांनी धरावा, गालाला लावावा, तसा तो हात गुळगुळीत झिजलाय. काळाभोर, चकचकीत.

आणि सगळ्या मूर्तीला अजून कापराचा वास येतो. त्या हाताला येत नाही.