घरचाच मुलगा

बसमध्ये शेजारच्याने टॉफी पुढे केली आणि मी ती घेतली, इथूनच सगळं सुरू झालं. अनोळखी माणसाकडून काही खायचं नाही, हे आईने लहानपणी शंभरदा बजावलेलं. पण रस्ता इतका वळणावळणाचा की पोटातलं सगळं घशाशी आलेलं... आणि तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, “लिंबाची आहे. बरं वाटेल.”

बरं वाटलं खरं. पण टॉफी चिकट निघाली आणि दुसऱ्याच चाव्याला माझ्या दाढेवरची कॅप तिच्यासोबत बाहेर आली.

रुमालात कॅप धरून मी रडवेली झाले. त्याने वाकून बघितलं — फार जवळून — आणि त्याचे कान लाल झाले. “उद्या माझ्याकडे या, बसवून देतो. मी दातांचा डॉक्टर आहे.”

“दातांचे डॉक्टर... आणि टॉफ्या वाटता?”

“नाहीतर धंदा कसा चालणार?”

मी हसले, दाढेत वारा शिरला, कळ मस्तकात गेली. तरी हसतच राहिले. त्यानंतर एकाही वळणावर मला बस लागली नाही.

माझं सांगायचं तर मी जन्मले, वाढले परदेशात. बाबांच्या देशात पहिल्यांदाच एकटी आले होते आणि बाबांचा हुकूम होता, सगळ्या नातेवाइकांना भेटून ये. मग काय, या घरातून त्या घरात. आणि जो जो बरा दिसणारा मुलगा समोर यायचा, तो भाऊच निघायचा. मावसभाऊ, मामेभाऊ, कुणाच्या तरी नणंदेच्या दिराचा मुलगा. “हा तुझा दादा गं,” कुणीतरी म्हणायचं, आणि मी शहाण्यासारखी दादा म्हणायचे. आता फक्त आत्याचं घर राहिलं होतं आणि परवा सकाळी माझं विमान होतं. हा एक तरी मला बाहेर भेटला, कुणी ओळख करून न देता, याचा मला केवढा आनंद झाला होता.

तो आनंद टिकला आत्याच्या फाटकापर्यंत. स्टॉपवर त्याने माझी बॅग उतरवली, पत्ता विचारला आणि गालातल्या गालात हसत म्हणाला, चला, मलाही तिकडेच जायचंय. फाटकाची अडकणारी कडी त्याने न बघता उचलली, चपला काढल्या आणि आत हाक मारली, “आत्या, पाहुणी आणली तुमची.”

मी फाटकातच थांबले. आत्या म्हणजे बाबांची बहीण. ती त्याचीही आत्या असेल, तर त्याचे वडील माझे काका. आणि मग हा...

आत्या धावत आली, मला कुशीत घेतलं, किती वाळलीस म्हणाली. मी होईल तितक्या सहज आवाजात विचारलं, हे कोण? “अगं, हा आपला डॉक्टर. घरचाच मुलगा,” असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. तो तोवर फ्रीज उघडून बाटलीनेच पाणी पीत होता. आत्याच्या घरात हे परक्याने केलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

माझे एक धाकटे काका आहेत. बाबांशी त्यांचं फार वर्षांपूर्वी बिनसलं, आमच्या घरात त्यांचा विषयही निघत नाही. मी गच्चीवर जाऊन बाबांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, धाकट्या काकांना मुलगा आहे का हो?  बाबा म्हणाले, आहे, डॉक्टर झालाय असं कानावर आलंय. कसला डॉक्टर ते त्यांना माहीत नव्हतं. आवाज जड झाला होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

आत्याला विचारावं तर कुठल्या तोंडाने? ती प्रश्नामागचा प्रश्न ओळखणारी बाई. आणि तो भाऊच असेल, तर दुपारपासून माझ्या मनात जे चाललंय ते... शी. माझी मलाच लाज वाटत होती.

संध्याकाळी तो दुखण्याच्या गोळ्या घेऊन आला. पायरीवर बसून एकेक गोळी समजावून सांगितली, सगळ्या एकाच जातीच्या असूनही. मग म्हणाला, “फार दुखलं तर फोन करा.”

“आणि नाही दुखलं तर?”

“तरी करा.”

सगळं माहीत असूनही मी हसले. मला शिक्षाच व्हायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्यात त्या लांबलचक खुर्चीवर मी आडवी झाले. भूल दिलेली, तोंडात कापसाचे बोळे. दुखलं तर हात वर करा, तो म्हणाला. मी हात वर केला. “दुखतंय?” मी मानेनेच नाही म्हटलं. “मग?” मग काय सांगणार... डोळ्यातून पाणी मात्र आलं. त्याने ते कापसाने हळूच टिपलं. तेव्हा मी ठरवलं, हे आजच संपवायचं. बोळे काढल्याबरोबर खुर्चीवरून उतरले आणि सगळा जीव एकवटून म्हटलं, “थँक्यू, दादा.”

त्याने हातमोजे काढले. बेसिनकडे वळला आणि हात धूत राहिला.

“मी जास्तच बोललो का?” तो पाठमोराच म्हणाला. “तसं असेल तर सरळ सांगायचं होतं. दादा म्हणून कळवायची गरज नव्हती.”

“कळवायचं काय त्यात? आहातच ना तुम्ही. धाकट्या काकांचे...”

“कोण काका?”

“आत्या तुमची आत्या ना?”

तो वळला. नळ तसाच चालू. मग हळूहळू सगळं सांगितलं. शिकायला आला तेव्हा तो आत्याच्या वरच्या खोलीत भाडेकरू होता. टायफॉइड झाला तेव्हा तिने उशाशी बसून त्याला बरं केलं, तेव्हापासून घरचाच. आत्या तर तिला अख्खी गल्ली म्हणते, तिच्यापेक्षा म्हातारा पोस्टमनसुद्धा. आणि माझा चुलतभाऊ डॉक्टर आहे खरा, पण जनावरांचा. तो आत्याकडे येतो, फक्त बाबांना कुणी सांगत नाही.

 मी पुन्हा त्याच खुर्चीवर बसले आणि तो समोरच्या स्टुलावर. बाहेर कुणी पेशंट खोकत होता.

“तुम्ही उद्या जाणार, म्हणून आजच बोलतो,” तो म्हणाला.  “मला तुम्ही आवडता. त्या घराचं कुणीही व्हायला मी तयार आहे... भाऊ सोडून.”

“मी तिकीट पुढे ढकलते,” मी म्हटलं. भुलीने जीभ जड झालेली, शब्द बोबडे आले.

“काय?”

मी पुन्हा सांगितलं.

“अजून एकदा,” तो म्हणाला. त्याला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. तरी मी सांगितलं.