पाठ फिरवलेला हत्ती

वाशीच्या स्टॉपवर वैजयंती महाप्याच्या बसची वाट बघत होती, आणि कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण तिच्या खांद्यावरच्या पिशवीचं, दोऱ्यानं हत्ती भरलेलं झाकण उलटं करून बघत होता. भरदिवसा!

"अहो मिस्टर, पाकीट हवंय का?"

"गाठ हवीय..." तो गोंधळला. "म्हणजे – दोऱ्याची. दोन्ही बाजू सेम टु सेम! सुरुवात केलीत तरी कुठून?"

असल्या चोराला काय म्हणायचं! तिला हसू फुटलं. "कसुती आहे ही, कर्नाटकी भरतकाम. गडहिंग्लजच्या आत्यानं शिकवली. गाठ मारायचीच नाही. जाताना एकाआड एक टाका सोडायचा, परतताना भरायचा."

"आणि परतायचं विसरलं तर?"

"ते... भरणाऱ्यावर आहे," ती म्हणाली आणि उगाचच लाजली.

तो विलास. महाप्याच्या एका कारखान्यात कपड्यांचे नवे नमुने काढायचा. हातकामाचं जाकीट शेठना पटलं नाही, तर ते भरतकामाचं मशीन आणणार आणि हातकाम बंद! वैजयंतीनं जाकिटाच्या खिशांवर कसुतीचे हत्ती भरून द्यायचं कबूल केलं. मग काय, रोज संध्याकाळी स्वारी दारात हजर. धागे कसे मोजता? डोळे नाही दुखत? हत्तीच का? आई आतून खाकरायची. नमुना नापास झाला तर याचं येणंही संपेल, या विचारानं वैजयंतीचा जीव खालीवर व्हायचा. तिला तो आवडला होता, अगदी मनापासून.

शनिवारी हाफ डे संपवून ती थेट कारखान्यात गेली. जाकीट उचलून बघितलं. दोन खिशांवरचे दोन हत्ती समोरासमोर हवे होते, तर डावा चक्क उजव्याकडे पाठ करून उभा! कारखान्याचे शिंपी गंगाराम मास्तर यांनी एक खिसा आतली बाजू बाहेर करून शिवला होता.

"पोरी, मला दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या गं," मास्तर रडवेले झाले.

"काय झालं?" तेवढ्यात आलेल्या शेठनी विचारलं.

विलासचा चेहरा उतरला. वैजयंतीच पुढे झाली. "एक खिसा उलटा लागलाय शेठ. कुठला, ते नुसत्या टाक्यांवरून ओळखा."

शेठनी चष्मा चढवला. बोट फिरवलं, आतून बघितलं, उजेडात धरलं. छे! मग मशीनवाल्यांनी पाठवलेला नमुना उलटा केला. मागे लोंबत्या दोऱ्यांचं नुसतं जंजाळ.

"मशीनचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी अशी वीस जाकिटं होऊ देत. हत्ती तेवढा वळवा."

शेठ गेले. विलास खिशाची शिवण उसवत बसला.

"या हत्तीला राग कसला आला असेल हो?" त्यानं हळूच विचारलं.

"महिनाभर एक माणूस फक्त टाक्यांचंच विचारतोय... म्हणून."

विलासचा हात थांबला. "दुसरं विचारायचंय. पण ते तुमच्या वडिलांना विचारावं लागेल. आईला घेऊन येऊ?"

वैजयंतीनं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "बाबा घरीच असतात."