नमुन्याची उशी

"उशी मिळेल का? जरा उंच हवी."

दारात उभं राहून ती एवढंच बोलली. आत कापसाच्या ढिगाकडे तोंड करून बसलेल्या माणसाचे हात थांबले. वळून न बघताच त्याने विचारलं, "सकाळच्या बातम्या… तुम्हीच ना?"

ती रेडिओवर बातम्या वाचायची. आवाजावरून ओळखणारे तिला अधूनमधून भेटत. पण चेहरा बघायची घाई न करणारा हा पहिलाच. मग तो वळला. भुवयांवर कापसाचे तंतू होते. तिला हसू आलं, आणि हसूबरोबर दोन शिंका.

"उशीने भागायचं नाही," तो म्हणाला. "'हवामान' म्हणताना तुमचा 'म' नाकात अडतो. फक्त सकाळी. संध्याकाळच्या बातम्यांत मोकळा असतो."

"तुम्ही माझा 'म' तपासत बसता?"

"पिंजायचं यंत्र बंद करून ऐकतो. गादी नवी घेतलीय का?"

घेतली होती. भाड्याची खोली मिळाली तेव्हा फोमची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. उघडल्यापासून खोलीला ताज्या रंगासारखा वास येत होता आणि खिडकी कितीही वेळ उघडी ठेवली तरी जात नव्हता.

"फोमचा आणि थर चिकटवायच्या गोंदाचा वास. सगळ्यांना बाधत नाही. तुम्हाला बाधत असणार." त्याने फळीवरून एक छोटी उशी काढली. "आम्ही काहीच चिकटवत नाही, नुसते टाके घालतो. कापूस, लोकर, काथ्या… आत काय भरायचं ते तुम्ही ठरवायचं. ही कापसाची. चार-सहा रात्री डोक्याखाली घ्या. मग दुसरी न्या. नाक सांगेल कोणती गादी घ्यायची ते."

कोपऱ्यात खोळ शिवत बसलेली त्याची आत्या दाभण न थांबवता म्हणाली, "आलेलं गिऱ्हाईक हा असा परत पाठवतो. दुकान कसं चालतं ते माझं मला ठाऊक."

पहिल्याच रात्री तिने उशीवर गाल टेकला आणि बऱ्याच दिवसांनी नाकाशी काहीच आलं नाही. नुसतं ऊन खाल्लेल्या कापडासारखं काहीतरी. हवी होती ती हीच, हे तिला तिथेच कळलं.

उशी परत करताना मात्र त्याने विचारलं, "कशी वाटली?" आणि ती म्हणाली, "बरी आहे. पण… लोकर बघायची राहिली ना?"

"राहिली," तो लगेच म्हणाला. जरा जास्तच लगेच.

लोकरीची उशी उबदार होती, पण पावसात भिजून आलेल्या मेंढीसारखा तिचा हलका वास होता. काथ्याची उशी कूस बदलली की कुजबुजायची. हे सगळं ती त्याला बातम्यांच्या सुरात सांगायची. तो पोट धरून हसायचा, मग गंभीर होऊन विचारायचा, "कोणत्या कुशीवर झोपता?" कान लाल झालेले. "धंद्याचा प्रश्न आहे."

"धंद्याचं उत्तर… डाव्या."

काथ्या झाल्यावर त्यानेच सुचवलं, "कापूस आणि लोकर मिसळून बघू?" मग काथ्यावर कापसाचा थर. मग आणखी काही. ती प्रत्येक वेळी नाक मुरडायची आणि पुढची उशी छातीशी धरून घरी जायची. उशीच्या टाक्यांवरून अंधारात बोट फिरवत, हे त्याने घातलेत की आत्याने, याचा अंदाज बांधायची. खाली मात्र गादी तीच होती, फोमची.

तिचा आवाज बसायला लागला. केंद्रावरचे साहेब एकदा म्हणाले, "घशाचं काहीतरी करा. महिनाअखेरपर्यंत सुधारला नाही तर सकाळच्या बातम्या दुसऱ्या कुणाला तरी द्याव्या लागतील."

सकाळच्या बातम्या. दिवसातला पहिला वेळ, जेव्हा तो यंत्र बंद करून ऐकतोय याची तिला खात्री असायची. त्या वाचवायच्या तर गादी निवडायची. आणि गादी निवडली, की दुकानाच्या पायऱ्या चढायचं कारण संपलं…

निवडायचं ठरवूनच ती पुढच्या वेळी गेली. तो गादी पोचवायला बाहेर गेला होता. आत्याने उशी हातात घेऊन चाचपली.

"अगं पोरी, आमच्याकडे भरायला तीनच जिन्नस. सगळं आयुष्य गेलं, चौथा पाहिला नाही. तो दर आठवड्याला कालवाकालव करतो नि तू नाक मुरडून परत आणतेस. दोघांना मिळून एक गादी ठरवता येईना!"

चोरी पकडली गेल्यासारखी ती गादीचं न सांगताच पायऱ्या उतरली. नवी उशी न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातम्यांच्या मधोमध तिचा आवाज फुटला. खोकला आवरताना काही क्षण रेडिओवर नुसती शांतता होती.

ती घरी पोचली, तर दारात ढकलगाडी. गाडीवर पांढऱ्या खोळीची गादी आणि बाजूला तो. पहिल्या उशीच्या वेळी लिहून घेतलेला पत्ता हातात. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ती फोमची बाहेर काढा."

"पण मी अजून निवडली कुठे?"

"कापसाची आहे. पहिली उशी परत आणलीत तेव्हाच तुमच्या चेहऱ्यावर दिसलं होतं."

"मग बाकीच्या उश्या?"

तो गाडीची दोरी सोडत राहिला. "त्या… माझ्यासाठी होत्या. तुम्ही याव्यात म्हणून. आज तुमचा आवाज फुटला तेव्हा लाज वाटली. माझ्या हौसेपायी तुम्ही त्या वासात झोपत होतात."

"हौस तुमच्या एकट्याची नव्हती," ती बसलेल्या आवाजात म्हणाली.

दोरी त्याच्या हातात तशीच राहिली.

फोमची बाहेर काढून दोघांनी मिळून नवी गादी आत नेली, पलंगावर टाकली. तिने तिच्यावर तळहात ठेवला. खोलीतला वास फोमबरोबरच बाहेर गेला होता. म्हणून की काय, खोली एकदम रिकामी वाटली.

"म्हणजे दुकानात यायचं आता काही कारण नाही."

"कापसाच्या गादीला दर आठवड्याला ऊन लागतं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "गच्चीवर न्यायची, झटकायची, उलटायची. नाहीतर दबते."

"नेईन मी."

"उचलून बघा."

तिने उचलली. एक कोपरा वर आला, बाकीची गादी जागची हलली नाही.

"इतकी जड?"

"एकटीला उचलवणार नाही इतकी भरलीय." तो थांबला. "मुद्दाम. रविवारी… येऊ?"

ती उत्तर द्यायला गेली, पण घशातून नुसती हवा आली. तिने बोटानेच खिडकीतला रेडिओ दाखवला.

दोन दिवस सुट्टी घेऊन ती नुसती झोपली. डाव्या कुशीवर.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा माइकसमोर बसली. कागदावर नसलेला शब्द तिने आजवर कधी वाचला नव्हता. लाल दिवा लागला. बातम्या झाल्या, खेळ झाले.

"आता हवामान." 'म' स्वच्छ होता. "रविवारी दिवसभर ऊन राहील…"

कागद संपला होता. दिवा अजून लाल होता.

"…गाद्या गच्चीवर न्यायला हरकत नाही. सकाळी लवकर."

काचेपलीकडे साहेबांनी दचकून मान वर केली.