दोन जानेवारी, दुपारचे अडीच

सोमवारी सकाळी सव्वानऊला ती आत आली, तेव्हा मेहुण्याचं बिस्किट नुकतंच चहात तुटून पडलं होतं आणि तो ते चमच्याने शोधत होता. त्या महिन्यातलं त्याचं हे पहिलंच शोधकार्य.

"बारा वाजता माझ्या वडिलांची लॅब विकली जाणार आहे," ती म्हणाली. "त्याच्या आत कळायला हवं, माझं मशीन कोणी मारलं."

खुर्चीतल्या माणसाने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. याला गावभर 'चिमटा' म्हणत. वीस वर्षं विमा कंपनीसाठी त्याने लोकांची खोटी दुखणी एकेक करून उपसून काढली होती, आणि तेवढ्या काळात माणूस नावाच्या प्राण्याबद्दलचा त्याचा सगळा आदर झिजून गेला होता. आता तो खासगी तपास करी. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. स्कूटर चालवायला आणि टिपणं काढायला ठेवलेला. बायकोचा शब्द मोडवला नाही म्हणून ठेवलाय, हे चिमटा कोणी न विचारताही सांगे.

"मशीन आपण होऊन मरत नाही, बाई," चिमटा म्हणाला. "माणसं मारतात आणि मशीनला नावं ठेवतात. बसा. पहिल्यापासून सांगा."

तिला घरात धाकटी म्हणत. लॅब दातांची. डॉक्टरांकडून ठसे येत, इथून कॅप आणि कवळ्या जात. वडील गेल्यावर कागदोपत्री मालक झाला थोरला भाऊ, आणि हात मळवायला उरली ही. कॅप कोरणारं मिलिंग मशीन एका जुन्या कॉम्प्युटरवर चाले, कारण त्याचं कार्ड नव्या कॉम्प्युटरात बसतच नाही. मग कोरकामाचा प्रोग्राम विकणाऱ्यांनी फर्मान काढलं, जुनी सिस्टिम बंद, नवी टाका. नवी सिस्टिम बनवणारे शहाणे म्हणाले, इतक्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही चालणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि थोरल्याकडे गिऱ्हाईक तयारच होतं.

"दादा म्हणाला, सोमवारपर्यंत चालवून दाखव, नाही तर विकतो. त्याला वाटलं, हिला कुठलं जमतंय."

"आणि जमलं."

"तीन दिवस लागले. आधी इन्स्टॉलच होईना. 'या यंत्रावर चालणार नाही' म्हणून हाकलून देई. ती तपासणी चुकवली तर नुसता काळा पडदा. तो सुटला तर म्हणे, बूट करायला डिस्कच नाही. दर वेळी सगळं इतकं अडकायचं की बोर्डवरचा सेल काढून सेटिंग पुसायचं आणि श्रीगणेशा. माझा नवरा बिचारा बाजूला टॉर्च धरून बसलेला. शेवटी कळलं, तीन सेटिंग एकदम बदलावी लागतात. शनिवारी सहाला सगळ्यांसमोर चालू केलं. एक कॅप कोरूनही दाखवली."

"आणि आज?"

"आज नऊला दादाने बटण दाबलं. पुन्हा तेच, डिस्क सापडत नाही. मी हात लावायच्या आत त्याने मला खुर्चीवरून उठवलं आणि मेन स्विच बंद केला. म्हणतो, रविवारी तू एकटीच लॅबमध्ये होतीस, तूच काहीतरी उचकापाचक केली असशील."

"होतात तुम्ही?"

"दुपारी तासभर. ठशांत प्लॅस्टर ओतायला. कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही."

"शनिवारी, ते कॅपचं कौतुक झाल्यावर?"

"साडेसहाला कुलूप लावलं. घरी जाऊन सातला आडवी झाले ती रविवारी सकाळीच उठले. लॅबच्या किल्ल्या दोन. एक दादाकडे, एक माझ्या पर्समध्ये." तिने पर्सवर हात ठेवला. मग खाली बघत म्हणाली, "चौदाव्या वर्षापासून मी तिथे दात घडवतेय. मला दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही करायचंही नाही."

चिमट्याने टोपी उचलली. मेहुण्याने उरलेला चहा बिस्किटासकट घशात ओतला.

लॅब म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत फळ्यांवर प्लॅस्टरचे शेदीडशे जबडे आ वासून बसलेले. आतल्या खोलीत मिलिंग मशीन, कॉम्प्युटर आणि थोरला. इस्त्री मोडेल म्हणून जन्मात कधी वाकला नसावा असा माणूस.

"तपास कसला करताय?" तो म्हणाला. "कंपनीने आधीच सांगितलं होतं. गाढवाला शिंगं लावली म्हणून त्याचा बैल होत नाही."

"शनिवारी तर तो बैल नांगराला चालला होता," चिमटा म्हणाला. "मेन स्विच लावा."

थोरल्याने दोन बोटांनी स्विच वर केला आणि कोपऱ्यातून असा घरघराट उठला की मेहुणा हातभर उडाला.

"हवेचा कॉम्प्रेसर आहे," धाकटी म्हणाली. "मेन लावला की टाकी भरेपर्यंत असाच ओरडतो."

चिमट्याने तिला कॉम्प्युटर चालू करून सरळ सेटिंगच्या पडद्यावर जायला सांगितलं. निळा पडदा आला. धाकटीने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि तिचा चेहरा पडला. "तिन्ही सेटिंग मूळपदावर गेलीत. कोऱ्या मशीनला असतात तशी."

मेहुण्याला त्या पडद्यावर कळण्यासारखी एकच गोष्ट दिसली आणि ती त्याने मोठ्याने वाचली. "भावजी, याला तर आजचा दिवसही माहीत नाही. दोन जानेवारी, दुपारचे अडीच. सालही दहा वर्षांमागचं."

चिमट्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "आत्ता दहा वाजून दहा मिनिटं झालीत. दोन्ही वेळा लिहून ठेव."

"सेल संपला असेल," थोरला म्हणाला. "जुनं धूड आहे."

धाकटीने कॉम्प्युटरची बाजू उघडली. बोर्डवर नाण्याएवढा गोल सेल, त्यावर तिच्या हाताने पेनने घातलेली गेल्या बुधवारची तारीख. मीटर लावला. तीन व्होल्ट, भरपूर.

"बघा, सेल ठणठणीत," चिमटा म्हणाला.

"मी तिन्ही सेटिंग पुन्हा बदलते. दहा मिनिटांत चालू होईल."

"आज चालेल, परवा पडेल," थोरला म्हणाला. "असल्या बेभरवशाच्या यंत्रावर धंदा होत नाही. बाराला माणूस येतोय, मी सही करणार."

"आणि यंत्राचा दोष नाही, कोणीतरी मुद्दाम पाडलं, असं निघालं तर?"

थोरल्याने कॉलर ठीक केली. "तर नाही विकणार, माझा शब्द आहे. शब्दाला मी पक्का आहे." असं जे सांगत फिरतात त्यांच्याबद्दल चिमट्याचं मत छापण्याजोगं नव्हतं.

बाहेरच्या खोलीत, जबड्यांच्या फळीखाली त्याने एकेकाला बोलावलं.

पहिला आला धाकटीचा नवरा. भाऊ आणि भावजय त्याला जावईबापू म्हणत. गोरा, गोल, हसतमुख. येताना थर्मासमधून चहा घेऊन आला आणि पहिला कप मेहुण्याला दिला. मेहुण्याचं मत तिथेच बनलं. माणूस सोन्यासारखा.

"मी हिच्या पाठीशी कायम उभा आहे," जावईबापू म्हणाले. "मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण ही म्हणाली लढते, मी म्हटलं लढ."

"रविवारी कुठे होतात?"

"दिवसभर ऑफिसच्या सहलीत. चाळीस जण साक्षीला."

"आणि शनिवारी संध्याकाळी?"

"घरी. ही मेल्यासारखी झोपली होती. आवाज नको म्हणून मी टीव्हीसुद्धा लावला नाही. नुसता बसून होतो." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "खरं सांगू? विकली गेली तरी आभाळ कोसळणार नाही. लोकांना दात काय, दुसऱ्या गावीही असतातच."

"दुसऱ्या गावी?"

"बोलायची पद्धत हो आपली."

मग थोरला. तो उभ्यानेच बोलला. "रविवारी मी सासुरवाडीला होतो. शनिवारी सात दहाच्या गाडीने गेलो, आज पहाटे परतलो. तिकिटं दाखवू?"

"दाखवा."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. पाकिटातून दोन तिकिटं निघाली. शिक्के बरोबर होते.

त्याच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, मात्र विचारावं लागलंच नाही. ती बसायच्या आधीच सुरू झाली. "आमच्या घरात मला कोण विचारतंय? मी आपली डॉक्टरांचे फोन घेते. विकू नका म्हणून मीही सांगितलं, पण यांच्यापुढे बोलायची सोय नाही. तीन दिवस ती पोर धड जेवली नाही. मी गाडीतून जावईबापूंना फोन केला, म्हटलं, जेवली का? तर मागे त्यांचा मिक्सर चाललेला, मला धड ऐकूच येईना. म्हणाले, नंतर बोलू. मला कौतुकच वाटलं बाई. बायको झोपलीय आणि नवरा स्वयंपाकघरात. नाही तर आमच्याकडे. फोन लांबला म्हणून हे शेजारी बसून माझ्यावर डाफरत होते."

"किती वाजता केलात?"

तिने फोन काढून दाखवला. शनिवार, सात अडतीस.

"उठा," चिमटा म्हणाला. "झालं माझं काम."

मेहुण्याने वही चाळली. त्याच्या मते काम सुरूही झालं नव्हतं. "भावजी, रविवारी तर सगळेच बाहेर होते. ती बाई सोडून."

"रविवार या गाढवांनी ठरवला आणि तू तो वहीत उतरवून घेतलास."

साडेअकराला सगळे आतल्या खोलीत जमले. कॉम्प्युटर अजून निळ्या पडद्यावर होता.

"आधी एक ध्यानात घ्या," चिमटा म्हणाला. "तिन्ही सेटिंग एकदम पुसली गेली आणि घड्याळही. याचा अर्थ एकच, बोर्डचा सेल काढला गेला. सेल संपलेला नाही, आपण मोजलाय. तो कोणीतरी काढला, थांबला आणि तोच परत बसवला. हे यंत्राचं काम नाही, हाताचं आहे. थोरले, तुमचा बेभरवशाचा मुद्दा इथे संपला."

थोरला खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"आता हे घड्याळ. सगळं पुसलेला बोर्ड पुन्हा पहिल्यांदा चालू केला की काय तारीख लावतो, बाई?"

"एक जानेवारी. रात्रीचे बारा," धाकटी म्हणाली. "मी तीनदा पाहिलंय."

"आणि तिथून मोजत सुटतो. सेल ठणठणीत, म्हणजे मोजणीही ठणठणीत. या घड्याळाला वार कळत नाही, पण ते चालू झाल्याला किती तास झाले ते बिनचूक कळतं. वही काढा, मेहुणे. आज दहा दहाला ते काय दाखवत होतं?"

"दोन जानेवारी, दुपारचे अडीच."

"म्हणजे किती तास?"

मेहुण्याने बोटं मोजली. "पूर्ण एक दिवस, चोवीस. वर साडेचौदा. साडेअडतीस."

"मागे जा."

"काल सकाळी दहा दहा... त्याच्या मागे साडेचौदा..." त्याची बोटं संपली आणि डोळे मोठे झाले. "शनिवार संध्याकाळ. सात चाळीस."

चिमट्याने त्याच्या हातातली वही मिटवली.

"सेल काढणारा गुपचूप निघून गेला असता तर हे घड्याळ आज सकाळी नऊला सुरू झालं असतं आणि मी हात चोळत बसलो असतो. पण भित्र्याचा स्वतःच्या पापावरही भरवसा नसतो. मशीन खरंच पडलं ना, हे बघायला त्याने ते एकदा चालू केलं. त्यासाठी मेन स्विच लावावा लागला. मेन लावला की इथे काय ओरडतं, ते मेहुण्यांना विचारा. सात अडतीसला वहिनींनी गाडीतून फोन केला. नवरा शेजारी डाफरत होता, म्हणजे ते दोघेही सुटले. त्या फोनमध्ये मागे घरघर ऐकू आली. मिक्सर म्हणे. आणि मला सांगितलं, बायको झोपलेली म्हणून टीव्हीसुद्धा लावला नाही."

मेहुण्याने जावईबापूंच्या थर्मासकडे पाहिलं.

"पर्स घरी, बायको गाढ झोपेत, किल्ली हाताशी. आणि तीन दिवस टॉर्च धरून बसलेल्या माणसाला सेल काढल्यावर काय होतं हे कळायला ओ की ठो यावं लागत नाही," चिमटा म्हणाला. "दात दुसऱ्या गावीही असतात म्हणालात. बदलीचा हुकूम कधी आला, जावईबापू?"

जावईबापूंचं हसू अजून तोंडावरच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं. "महिना झाला," ते म्हणाले. "बढती आहे. क्वार्टरही मिळतंय."

"मला का नाही सांगितलंत?" धाकटीने विचारलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग तसं भांडायचं होतं."

"तुझ्याशी कुठे भांडणार?" ते बायकोकडे न बघता म्हणाले. "वाटलं, मशीनच बंद पडलं तर तुला कोणाचा राग येणार नाही. सगळं आपोआप होईल."

"आयुष्यात चोर पुष्कळ पाहिले," चिमटा म्हणाला. "निदान ते चोरीनंतर घरमालकाला चहा नेऊन देत नाहीत."

जावईबापूंनी थर्मास उगाचच या हातातून त्या हातात घेतला. वहिनीने तोंडाला पदर लावला. थोरला खिडकीतून बाहेर बघत राहिला. खाली एक गाडी येऊन थांबली होती, बारा वाजायला पाच मिनिटं होती. शेवटी तो जिन्याकडे वळला. "मी त्या माणसाला परत पाठवतो," तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याला दातदुखीइतकं जड गेलं.

धाकटी खुर्चीवर बसली. एक सेटिंग, दुसरं, तिसरं. पडदा काळा झाला. मेहुण्याने श्वास रोखला. काही क्षण गेले, आणि नवी सिस्टिम चालू झाली. शेजारी मिलिंग मशीनचा हिरवा दिवा लागला. तिने खणातून पांढरा ठोकळा काढला आणि पकडीत बसवून स्क्रू आवळला.

जावईबापू तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "एक तारखेला रुजू व्हायचंय," ते हळूच म्हणाले. "काय कळवू?"

"येतो म्हणून कळवा."

"आणि तू?"

धाकटीने मशीनचं झाकण लावलं. "मला संध्याकाळपर्यंत अकरा कॅप द्यायच्यात," ती म्हणाली. "उजेडातून जरा बाजूला व्हा."