उलट्या पिळाच्या गाठी

बस व सुलोचना. चिमणी जरा इकडे सरकव, मले टाका दिसत नाही. रुख्मा पहिल्या बाळंतपणाले येऊन राहिली पुढच्या महिन्यात, तिच्यासाठी ही रजई घेतली करायले. तू विचारलंस, मामी, रजईले दोरे भरतात, तुम्ही गाठी काऊन मारता? आता विचारलंस तर ऐकून घे. घाबरलीस तर मी पोचवायले येणार नाही, सांगून ठेवते.

रुख्मा माझ्या पोटची नाही. तू शेजारची नवी सून, तुले कोणी सांगितलं नसेल. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी दवनीवाड्यात आली, टेकचंदची दुसरी बायको होऊन. पहिली धनवंता, खाटेवर झुरून झुरून गेली. तिची पाच वर्षांची पोट्टी माझ्या ओटीत टाकली. टाकली आपलं म्हणायचं. पोट्टी माझ्या हातचा घास घेत नव्हती, मले हाक मारायची तर ‘ए’ म्हणून. धान निघालं का तिचा मामा दरेकशाहून येणार होता. तवरक लेकरू माझ्याशी रुळलं तर ठीक, नाही तर तो घेऊन जाणार, असं ठरलं होतं. लोक सावत्र माईले काय बोलतात ते मले ठाऊक होतं, पण लोकं गेली खड्ड्यात. मले ती पोट्टी पाहिजे होती. तिनं एकदा ‘माय’ म्हणावं म्हणून जीव तुटत होता माझा.

न पोट्टीचा सारा जीव एका रजईत. दिवस मावळला का आत घुसायची, डोकं बी दिसत नव्हतं. मी ती रजई पहिल्यांदा उन्हात घातली तेव्हाच मले कसंसं झालं. आमच्या माहेरी रजईवर दोऱ्यांच्या ओळी असत, धानाच्या बांधीतल्या रोवण्यासारख्या सरळ. हिले ओळच नाही. वीतभर अंतरावर सुई खाली घातलेली, वर काढलेली, न दोन टोकांची गाठ. टोकं वर उभी. गाठीचा पीळ बी उलटा. बोट लावलं तर बोटाले धरल्यासारखं वाटे. कापूस ओलसर नव्हता, पण वास ओल्याचा येत होता, आजाऱ्याच्या खोलीतला.

सासूले विचारलं, तर अनुसयाबाई म्हणाली, “धनवंतानं बांधली. खाटेवर पडून. गाठी सोडू नको.”

“काऊन?”

“सोडू नको म्हटलं ना.”

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. बुढी रोज दिवेलागणीले पोट्टीजवळ बसायची न रजईवरून हात फिरवत एकेक गाठ चाचपायची. ओठ हालत, आवाज नाही. मी बाहेरच्या सपरीतून पाहायची. मनात म्हटलं, हिनंच काही बांधून ठेवलं. पोट्टीनं माझ्याकडे येऊ नये म्हणून करणी केली. दुसरं काय?

बाजाराच्या दिवशी मी लाल दोऱ्याचं रीळ आणलं. बुढी बोडीवर गुरं पाजायले गेली तशी रजई घरामागच्या सांदवाडीत नेली न कचाकचा साऱ्या गाठी कापल्या. मग बसून छान ओळी भरल्या. बुढी आली, पाहिलं, न दारातच खाली बसली.

“सोडल्या व...” एवढंच म्हणाली.

मले तर बरं वाटलं होतं.

धनी तेव्हा खळ्यावर धान राखायले निजत. घरात आम्ही तिघीच. मी दमून पडली ते पहाटे कोंबड्यानं उठवलं. पाहते तर काय, माझ्या सरळ ओळींच्या मधात गाठी! लाल दोऱ्याच्या, उलट्या पिळाच्या. माय व, अंगात आग उठली माझ्या. भीती नाही, राग. म्हटलं, बुढे, माझाच दोरा घेऊन माझ्यावर डाव?

गाठी पुन्हा कापल्या. रीळ, सुई, कातर पेटीत टाकली, कुलूप घातलं, किल्ली कमरेले खोचली. रात्री बुढी बाहेर सपरीत, मी न पोट्टी आत, न दाराले जातं लोटून निजली. आता पाहते म्हटलं कशी येते.

उजाडलं, तर जातं होतं तिथंच. किल्ली कमरेले. न रजईवर गाठी आधीपेक्षा दाट. पेटी उघडली तर रीळ बारीक झालेलं.

मी बुढीले चुलीपाशी गाठलं. “हात दाखवा,” म्हटलं. “दाखवा हात! रात्री कोणत्या हातानं बांधता?”

तिनं पाहिलं माझ्याकडे. मग दोन्ही हात पुढे केले. बोटं सारी आत वळलेली, गाठा आलेल्या.

“दुर्पता,” म्हणाली, “माझ्या लुगड्याची गाठ रोज सकाळी कोण मारते?”

मीच मारायची व. आली तेव्हापासून. संशयात माणूस इतकं आंधळं होते.

“मग... बांधते कोण?”

बुढी दाराकडे पाहून हळूच बोलली. “धनवंता डावखुरी होती. तिचाच पीळ तो. मी म्हटलं होतं तिले, दोरे भर, लवकर होईल. तर म्हणे, टाका भरला का हात पुढे निघून जाते. गाठ मारली का तिथंच राहते. मले राहायचं आहे...” तिनं पदरानं तोंड पुसलं. “म्हणून मी रोज चाचपत होती. एखादी सैल झाली तर... ती बाहेर येईल म्हणून.”

चूल धुपून राहिली होती, तरी मले हिव भरलं.

तेवढ्यात आतून रुख्मा आली. झोपेतून उठलेली, केस पिंजारलेले. नीट माझ्याकडे आली न माझ्या मांड्यांले मिठी मारली. घट्ट.

“आजी,” म्हणाली, “मायले कायले बोलून राहिलीस?”

माय! तुले काय सांगू सुलोचना, मी तिले उचललं न रडली. सारं विसरली. गाठी बी विसरली.

“माय रातभर जागली,” पोट्टी माझ्या खांद्यावर मान टाकून सांगत होती. “अंधारात गाठी मारल्या. मी पाहून राहिली होती ना. डाव्या हातानं...”

मी डावा हात वर केला. पहिल्या बोटाले सुईची टोचणं न टोचणं. नखात लाल दोऱ्याचा तंतू.

बुढी मागं सरकली. भिंतीले टेकली. कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, न मग अगदी हळू, जसं कोणाले झोपेतून उठवावं तसं...

“धनवंता?”

न माझ्या तोंडून ‘ओ’ निघाली.

मी दिली नाही व. निघाली.

धान निघाल्यावर मामा आला. पोट्टी माझ्या मांडीवर बसून जेवत होती. पाहून खूश झाला, आला तसा एकटाच गेला. रुख्मा कुठंच गेली नाही, लगीन होईस्तोवर माझ्या कुशीत निजली. मले जे पाहिजे होतं ते मिळालं. आतापर्यंत मले मायच म्हणते. कोणाले म्हणते, ते मी तिले कधी विचारलं नाही.

म्हणून दोरे भरत नाही मी. भरायले घेते, पण पुढे जात नाही हात.

तू अशी काऊन पाहून राहिलीस माझ्या हाताकडे? सुई कोणत्या हातात आहे, ते मले सांगू नको.