आधी तेल, मग पेट्रोल

ही गोष्ट कुणाला घाबरवायला रचलेली नाही. ज्याच्यावर ती गुदरली तो ओकिमोतो तेत्सुरो आजही मियोशीत गॅरेज चालवतो. हिरोशिमाकडून डोंगर चढून गावात शिरलात, की नदीकाठी त्याची निळी पाटी दिसते. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा.

सांगणार मात्र नाही. मान खाली घालेल.

आणि हेही आधीच सांगतो, ती रात्र नव्हती. नोव्हेंबरातली सकाळ होती, चांगली उजाडलेली. पण त्या दिवसांत मियोशीच्या नद्या रात्रभर उसासे टाकतात आणि सकाळी सगळा गाव धुक्याच्या गोधडीखाली असतो. स्वतःच्या हाताचा पंजा दिसत नाही.

त्या दिवशी घाटातल्या देवळात तेत्सुरोच्या सासऱ्यांचं श्राद्ध होतं.

तेत्सुरो घरजावई. आडनाव सासऱ्यांचं, गॅरेज सासऱ्यांचं, अंगणातली पांढरी गाडीही त्यांचीच. सासरे, म्हणजे कानेओ, हे सगळं त्याच्या पदरात घालून गेले.

गाडी रोटरी इंजिनाची. साध्या गाडीचं तेल कमी झालं की माणूस घाबरतो. हिचं उलटं. हिच्या पोटात एक तिकोनी ठोकळा फिरतो, त्याच्या टोकांना सतत थेंबथेंब तेल लागतं आणि ते जळून जातं. जळायलाच हवं. थेंब थांबला, की टोकं भिंतीला कोरडी घासतात. एकदा चरा पडला, की इंजिन गेलं.

थेंब पाडायला गाडीत पंप असतो. कानेओंनी तो काढून टाकला होता. “लेकराला घास हातानं भरवावा, नळीनं नाही,” म्हणायचे. पेट्रोल भरण्याआधी ते स्वतः पेट्रोलच्याच टाकीत तेल ओतत, म्हणजे दोन्ही मिसळून इंजिनात जाई, आणि ओतताना अंगाईसारखं गुणगुणत...

आधी तेलाचा गं घोट, मग पेट्रोलाचं पाणी
उपाशी निघू नको, माझी घाटाची गं राणी

ते गेले तेव्हा फळीवर तेलाचा भरलेला डबा होता. गवत कापायच्या यंत्रालाही तेच तेल चालतं. तेत्सुरोनं बांधावरचं गवत कापताना थोडं घेतलं. मग आणखी थोडं.

गाडी काय, उभीच तर असायची.

श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं पेट्रोल पंपावर टाकी भरायला लावली. पंपवाला कादोवाकी जुना खट्याळ.

“काय जावईबापू! तेल ओतलंत का आधी? म्हातारबुवा असते तर मला नळीला हात लावू दिला नसता.”

“तू पेट्रोल भर रे. मेकॅनिक मी आहे का तू?”

घरी येऊन त्यानं डबा उचलला.

हलका लागला. उलटा केला... एक थेंबही पडला नाही.

गॅरेजातलं साधं इंजिनाचं तेल टाकीत ओतायला चालणारं नव्हतं. हे तेल कादोवाकीकडे मिळालं असतं. पण आत्ताच त्याला फटकारून आलेला माणूस पुन्हा त्याच्याच दारात जाऊन काय म्हणणार? दुकानं तर मिटलेली. देऊळ काही फार लांब नाही, तेवढ्यानं काय होतंय, असं तेत्सुरोनं स्वतःला समजावलं.

समजत मात्र त्याला सगळं होतं.

सकाळी सासूबाई फुमिए पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर ओहागीचा डबा. गोड भाताचे ते गोळे कानेओंच्या आवडीचे.

“तेल घातलंस ना रे?”

“घातलं, आई.”

एवढंच. पण त्या दोन शब्दांनी त्याचे कान तापले.

गाडी धुक्यात शिरली. दिव्यांच्या उजेडापुढे नुसतं दूध. थोडं अंतर गेल्यावर फुमिएंनी नाकानं दोनदा हुंगलं.

“आज ह्यांचा वास येत नाही.”

तेत्सुरोनं आरशात पाहिलं. मागे तेल जळल्याचा निळा धूर हवा होता. नव्हता.

“धुकं आहे ना, आई. म्हणून असेल.”

दुसरं खोटं.

घाट लागला आणि इंजिनाचा सूर बदलला. दाण्यांविना जातं फिरावं, तसा... कोरडा, पोकळ.

त्यानं गाडी कडेला घेऊन बंद केली. जरा निवू दे म्हणाला. मग किल्ली फिरवली.

घर्रर्र... घर्रर्र...

पुन्हा फिरवली. पकडेना.

“आज पोचायलाच हवं रे,” फुमिए हळूच म्हणाल्या. “वाट बघत असतील.”

तेत्सुरोनं किल्ली सोडली. शब्द अगदी जिभेवर आला होता.

“आई, मी...”

“काय?”

“...काही नाही. बॅटरी असेल.”

आणि तेवढ्यात...

टक्.

आवाज मागून आला. टाकीचं झाकण उघडल्याचा. ते उघडायचा खटका तेत्सुरोच्या सीटपाशी होता आणि त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

खडीवर कुणीतरी पाय बदलला.

मग... गुळूक.

गुळूक... गुळूक...

तेत्सुरोला मान वळवता येईना. मानेवर कुणी हात ठेवलाय असं वाटलं. जड नाही, मायेचा. म्हणूनच सहन होईना.

गुळूक थांबत नव्हतं. आणि त्याच्या मागून, धुक्यातून, अगदी सावकाश... कुणीतरी गुणगुणत होतं.

फुमिए डोळे मिटून बसल्या होत्या. मग स्वयंपाकघरातून माजघरात हाक द्यावी, तितक्या सहज त्या काचेकडे वळून म्हणाल्या,

“अहो, पुरे आता. पोराला किती लाजवाल?”

सगळं थांबलं.

गुणगुणणंही.

तेत्सुरो कसाबसा उतरला. मागे कुणी नव्हतं. ओल्या खडीवर पावलं होती ती त्याची एकट्याचीच. बाहेरचं झाकण सताड उघडं, आतलं बूच मात्र घट्ट. बुचाखालून पांढऱ्या रंगावर एक ओघळ उतरला होता. त्यानं बोट लावलं.

तेल. कोमट.

तो आत बसला. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच हाकेला जागं झालं. आरशात निळा धूर दाटला. जळक्या तेलाचा तो वास गाडीभर झाला आणि फुमिएंनी छाती भरून श्वास घेतला.

“आले,” त्या म्हणाल्या.

देवळात मंत्र संपेपर्यंत तेत्सुरोनं कानेओंच्या तसबिरीकडे पाहिलं नाही. फुमिएंनी एक ओहागी त्याच्या हातात ठेवली.

“खा. ते रागावत नाहीत कुणावर. कधीच रागावले नाहीत.” जरा थांबून म्हणाल्या, “समोरच्याकडून होत नाही असं दिसलं, की गप्प स्वतः करून टाकतात.”

त्यानं ती खाली मान घालून संपवली.

तेलाचा नवा डबा त्यानं दुसऱ्याच दिवशी आणला. तेव्हापासून पेट्रोलाआधी तेल, मापानं, स्वतःच्या हातानं. एकदाही चुकला नाही.

तरी इंजिनाचे प्लग काढले की काळेभोर निघतात. ओलेचिंब. दुप्पट तेल पडल्यासारखे. त्यानं टाकी धुतली, नळ्या बदलल्या, माप निम्मं करून पाहिलं.

प्लग तसेच.

“अरे, ओततोस तरी किती?” कादोवाकी धुरातून खोकत विचारतो. “म्हाताऱ्यांचाही हात एवढा सैल नव्हता.”

तेत्सुरो प्लग पुसतो, पुन्हा बसवतो. तेल अजिबात न ओतता पाहावं, असं त्याच्या मनात कधीकधी येतं. पण तेवढी छाती होत नाही.

त्यानं मापून ओतलेल्या तेलावर कुणाचा तरी अजून विश्वास बसलेला नाही.